मुंबई बंदरातले दोन कागद

एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदराचा व्यवहार दोन कागदांच्या भरवशावर चाले. एक सरकारी चलनी नोट. दुसरा बंदर सोडणाऱ्या आगबोटीच्या कप्तानाला मिळणारा आरोग्याचा दाखला. मागाल तेव्हा चांदीचे रुपये देऊ, असं नोट सांगे. निघताना इथे साथ नव्हती, असं दाखला सांगे. पहिल्या कागदामागे तिजोरीत चांदी होती; दुसऱ्यामागे फक्त सरकारचा शब्द.

नोटा आधी बँक ऑफ बॉम्बे (स्थापना १८४०) काढत असे. १८६१ च्या कागदी चलन कायद्याने तो हक्क गेला आणि १ मार्च १८६२ पासून नोट फक्त सरकारची झाली. राखीव निधीचा नियम कडक होता. देशभरातल्या पहिल्या चार कोटी रुपयांच्या नोटांमागे सरकारी रोखे चालत. त्यापुढच्या प्रत्येक रुपयामागे नाणं किंवा धातूच हवा. पुढे १८६५ चा शेअरबाजार कोसळला, १८६८ मध्ये ती बँकही बुडाली. नोटांचा निधी मात्र कायद्यानेच निराळा ठेवलेला होता.

तरी नोटेला वेस होती. कलकत्ता, मद्रास, मुंबई अशी सुरुवातीची तीन ‘सर्कल’, म्हणजे चलनाचे विभाग, आणि ज्या सर्कलची नोट तिथेच ती कायदेशीर. दुसरीकडे वटवायची तर वटाव, म्हणजे कसर, द्या. कापसाच्या हंगामात खानदेश-वऱ्हाडकडे रोकड रुपयाच लागे, शेतकरी कागद कशाला घेईल? ही वेस मोडायला चाळीस वर्षं लागली: १९०३ मध्ये पाचाची नोट ब्रह्मदेश वगळता सगळीकडे चालू झाली, दहा, पन्नास आणि शंभराची १९१०-११ मध्ये.

माणसांच्या वेशीची गोष्ट उलट्या दिशेने गेली. १८६५ मध्ये मक्केत पटकी (कॉलरा) पसरली, पुढच्याच वर्षी कॉन्स्टॅन्टिनोपलला आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि बोट हिंदुस्थानी यात्रेकरूंकडे वळलं. मुंबई हे त्यांचं मोठं बंदर. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर तर मुंबईहून युरोप फारच जवळ आलं. ऑटोमन सरकारने १८८२ मध्ये तांबड्या समुद्रातल्या कमरान बेटावर क्वारंटाइन उभारलं, तिथे थांबायचं आणि वर शुल्कही भरायचं. हिंदुस्थान सरकारचे आरोग्य अधिकारी तेव्हा वाद घालत होते की पटकी माणसामाणसांतून पसरतच नाही, क्वारंटाइन निरर्थक आहे. त्यात शास्त्र किती आणि खोळंबणाऱ्या मालाची काळजी किती, हे ज्याने त्याने ठरवावं.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीतल्या तापाला डॉ. अकासियो व्हिएगास यांनी प्लेग म्हटलं आणि मुंबईच्या दाखल्याची पत गेली. आता युरोपची बंदरं आपला माल अडवतील, ही धास्ती. इतकी वर्षं क्वारंटाइनला नाकं मुरडणाऱ्या सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा केला. बोटी तपासण्याचे आणि माणसं अडकवून ठेवण्याचे अधिकार त्यात आले. त्याच महिन्यात व्हेनिसला प्लेगवर परिषद सुरू झाली आणि मुंबईहून हजला जाणंच त्या वर्षापुरतं बंद झालं. यात्रेकरू थांबले की कापूस सुटतो, असा हा हिशेब. प्लेग काही थांबला नाही. मुंबईच्या मांडवीतून निघून तो कच्छच्या मांडवी बंदरातही पोचला. मुंबईची लोकसंख्या १८९१ मध्ये ८,२१,७६४ होती, १९०१ मध्ये ७,७६,००६ भरली.

नोटेची खरी कसोटी १९१८ मध्ये लागली. महायुद्धामुळे नोटांचा पसारा वाढला, चांदी मिळेना. नोव्हेंबर १९१७ मध्ये एक रुपयाची नोट काढावी लागली होती. वसंतात मुंबईच्या करन्सी ऑफिसवर नोटा देऊन रुपये मागणाऱ्यांची रीघ लागली. अखेर एप्रिलमध्ये अमेरिकेने पिटमन कायदा करून २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानसाठी विकायला काढली आणि नोटेचा शब्द राखला गेला.

राखीव चांदीसाठी अशी धावपळ चालू असतानाच, १० जूनला, मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने फणफणून रुग्णालयात दाखल झाले. त्यांच्यातला एक गोदीवर नेमणुकीला होता. ताप मलेरियाचा नव्हता, इन्फ्लुएंझाचा होता.