सरकती मायटर करवत : घरगुती सुतारकामासाठी निवड

लाकूड आडवे, ठरावीक कोनात आणि पुन्हा पुन्हा त्याच मापाने कापण्याचे वीजचलित यंत्र. गोल पाते आणि मोटर एका मानेवर बसवलेली असतात. मान मागच्या बाजूस बिजागरीवर असते. मूठ धरून ती खाली दाबली की पाते लाकडात उतरते. साध्या मायटर करवतीत पाते जिथे उतरते तेवढेच कापते. सरकत्या करवतीत हीच मान दांड्यांवरून पुढेमागे सरकते, त्यामुळे तेवढ्याच पात्याने सुमारे दुप्पट किंवा त्याहून रुंद फळी कापता येते. बाजारात हिला ‘स्लायडिंग मायटर सॉ’ म्हणतात. महाराष्ट्रात हे यंत्र सुताराच्या दुकानापेक्षा अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्यांकडे अधिक सहज दिसते, आणि ही गोष्ट जुने यंत्र घेताना पुन्हा आठवावी लागते.

यंत्राच्या मधोमध फिरती थाळी असते. ती डावी-उजवीकडे फिरवली की काप तिरपा होतो. मान बाजूला कलवली की काप जाडीत उतरता होतो. दोन्ही एकदम केले तर जोडकोनी काप मिळतो. लाकूड ज्या उभ्या पट्टीला टेकवून धरायचे तिला फेन्स म्हणतात. फोटोची चौकट, पाट, चौरंग, खुर्चीचे पाय, फळ्यांची मांडणी या कामांत हे यंत्र वेळ वाचवते. मात्र फळी लांबीच्या दिशेने चिरण्याचे काम ते करत नाही, आणि प्लायवूडचा ८ × ४ फुटी ताव त्यावर ठेवताही येत नाही. त्यासाठी टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या पात्याची करवत, किंवा पट्टीला लावून चालवायची हातातली सर्क्युलर सॉ लागते. ज्याला मुख्यतः प्लायवूडची कपाटे करायची आहेत त्याने पहिला मोठा खर्च या यंत्रावर करू नये.

या करवतीचे मूळ दोन जुन्या साधनांत आहे. एक मायटर पेटी : तीन फळ्यांची उघडी पन्हळ, तिच्या बाजूंना ९० आणि ४५ अंशांच्या खाचा, आणि त्या खाचांतून चालणारी बारीक दातांची हातकरवत. लहान चौकटींसाठी ती आजही पुरते. दुसरे साधन रेडियल आर्म सॉ. अमेरिकेत रेमंड डिवॉल्ट यांनी १९२० च्या दशकात ती घडवली. तिच्यात पाते डोक्यावरच्या दांड्यावरून कामगाराकडे ओढले जाते. रॉकवेल या अमेरिकी कंपनीने १९६४ मध्ये मोटरवरची मायटर करवत बाजारात आणली. तिला पुढे सरकते दांडे मिळाले तेव्हा रेडियल करवतीची रुंदी आटोपशीर यंत्रात आली. काप घेण्याची दिशा मात्र उलटी झाली, आणि हा फरक माहीत नसला तर तो हातावर बेतू शकतो.

सरकत्या करवतीत मान आधी पूर्ण आपल्याकडे ओढायची, मोटर सुरू करायची, पाते खाली उतरवायचे आणि मग फेन्सकडे ढकलत काप पुरा करायचा. पात्याचे पुढचे दात वरून खाली येतात आणि तळाचे दात लाकूड फेन्सकडे रेटतात. फिरते पाते लाकडात असताना मान आपल्याकडे ओढली तर हेच पुढचे दात लाकडावर चढतात आणि संपूर्ण मान झेपावल्यासारखी अंगावर येते. काप झाल्यावर कळ सोडून पाते थांबेपर्यंत मान खालीच ठेवायची. २५५ मिमी पाते मिनिटाला ४,६०० फेरे घेते तेव्हा त्याचे दात ताशी सुमारे २२० किमी वेगाने जात असतात. हात पात्यापासून वीतभर तरी दूर हवा. बाक आलेली फळी फुगीर बाजू फेन्सकडे करून धरली नाही तर काप पुरा होताना ती पात्यावर मिटते.

निवडीचा पहिला प्रश्न पात्याच्या व्यासाचा समजला जातो. उपलब्ध आकार साधारणपणे १९०, २१६, २५४ ते २६० आणि ३०५ मिमी. साध्या, न सरकणाऱ्या करवतीत व्यासाला खरेच महत्त्व असते : २५४ मिमी पात्याने सुमारे १३० ते १४० मिमी रुंद फळी कापते, ३०५ मिमी पात्याने सुमारे २०० मिमी. पण दांडे आले की हा हिशोब बदलतो. २१६ मिमीची सरकती करवत आणि २५४ मिमीची सरकती करवत, दोन्ही जवळपास ३०० मिमी, म्हणजे बारा इंची फळी कापतात. फरक उरतो तो उंचीचा. लहान पाते साधारण ६५ ते ७० मिमी जाडीपर्यंत जाते, २५४ मिमीचे ९० मिमीच्या आसपास, ३०५ मिमीचे १०० मिमीच्या पुढे. दाराच्या चौकटीचे नेहमीचे ४ × अडीच इंची लाकूड आडवे ठेवले तर २१६ मिमी पात्यातून निघते. घरी काम करणारा माणूस शंभर मिमी जाडीचा खांब वर्षातून कितीदा कापतो, हे त्याने प्रामाणिकपणे स्वतःलाच विचारावे. लहान पाते कमी थरथरते, स्वस्त पडते, आणि यंत्रही हलके असते : २१६ मिमीची सरकती करवत १७ किलोच्या आसपास, ३०५ मिमीची २५ ते ३२ किलो. रोज खोलीतून गच्चीवर यंत्र न्यायचे असेल तर हा फरक कमरेला कळतो.

दुसरा प्रश्न भिंतीचा. जुन्या धाटणीच्या यंत्रात मान मागे ढकलली की दांडे यंत्राच्या पाठीमागून बाहेर येतात. म्हणून ते भिंतीला टेकून ठेवता येत नाही; मागे २५ ते ३० सेंमी जागा मोकळी सोडावी लागते आणि ओटा तेवढाच खोल करावा लागतो. दहा बाय दहाच्या खोलीत ही जागा म्हणजे एक अख्खे कपाट. यावर दोन उपाय निघाले. फेस्टूलच्या केपेक्स केएस १२० मध्ये आणि मकिताच्या एलएस १०१९ एल मध्ये दांडे पुढच्या अंगाला घेऊन मान त्यांच्यावरून सरकवली आहे. बॉशच्या जीसीएम १२ जीडीएलमध्ये दांडेच नाहीत. कोपरासारखी दुमडणारी भुजा आहे. अशी यंत्रे महाग असतात. परंतु लहान खोलीत ज्यादा पैसे टाकायचेच असतील तर ते पात्याच्या व्यासापेक्षा इथे टाकावेत.

तिसरी गोष्ट जाहिरातीत सापडत नाही आणि सगळ्यांत जास्त नडते : दांड्यांमधला खेळ. मान जितकी लांब बाहेर येते तितका तिच्या टोकाला डावीउजवीकडे हलायला वाव मिळतो. साध्या करवतीत एकच बिजागरी असते. सरकतीत बिजागरीच्या जोडीला बेअरिंगे आणि दांडे येतात, आणि प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई असते. स्वस्त सरकत्या करवतीपेक्षा त्याच किमतीची साधी करवत बहुधा अधिक नेमकी कापते. दुकानात यंत्राचा विजेचा प्लग काढून ठेवून मान पूर्ण पुढे ओढावी, खाली आणावी आणि मूठ हलक्या हाताने बाजूला रेटून पाहावी. किंचित लवचीकपणा जाणवेल, तो चालतो. ‘टक्’ असा आवाज आला किंवा मान एका जागेवरून दुसऱ्या जागी बसल्यासारखी वाटली, तर ते यंत्र तिथेच ठेवावे.

कोन तपासायला गुण्याही लागत नाही. सुमारे ३०० मिमी रुंद, दोन्ही कडा समांतर असलेला एमडीएफचा तुकडा घ्यावा, यंत्र शून्यावर ठेवून तो मधोमध कापावा. मग एक अर्धा भाग पालथा करून त्याच फेन्सला टेकवून दुसऱ्याशेजारी सरकवावा. काप काटकोनात असेल तर दोन्ही कडा एकमेकींना पूर्ण चिकटतात. नसेल तर पाचरीसारखी फट दिसते, आणि ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते. ३०० मिमी रुंदीत एका टोकाला १ मिमी फट पडली तर चूक साधारण ०.१ अंशाची. ही चूक डोळ्यांना क्षुल्लक वाटते. पण चार बाजूंच्या चौकटीत आठ काप असतात आणि चुका एकाच दिशेने साठत जातात. प्रत्येक काप पाव अंशाने चुकला तर चौथ्या कोपऱ्यात २ अंशांची तफावत येते; ५० मिमी रुंद पट्टीच्या तिरप्या तोंडावर ती सुमारे अडीच मिलिमीटरची उघडी फट होते. तिला भुसा आणि फेविकॉल भरून झाकण्याची कला आपल्याकडे चांगलीच रुजलेली आहे.

चूक निघाली म्हणजे यंत्र वाईट असे नाही. नव्या यंत्रालाही वाहतुकीत धक्के बसलेले असतात. पाहायचे ते हे, की ती दुरुस्त करता येते का. फेन्सचे बोल्ट सैल करून ती हलवता आली पाहिजे, थाळी आपोआप अडकून बसते त्या ०, १५, २२.५, ३१.६ आणि ४५ अंशांच्या खाचांची पट्टी सरकवता आली पाहिजे. खाचेच्या अगदी जवळचा कोन, उदाहरणार्थ ४४.८, लावताना थाळी आपोआप खाचेत घसरू नये. ते टाळणारी कळ चांगल्या यंत्रात असते. जुन्या घरातल्या भिंती काटकोनात नसतात, तिथे ही कळ रोज लागते.

मान एकाच बाजूला कलणारी घ्यावी की दोन्ही, यावर बराच खल होतो. दोन्ही बाजूंना कलणारी असली तर लांब पट्टी उलटसुलट करावी लागत नाही, इतकाच फायदा. खाचांमधला ३१.६ हा आकडा भिंत आणि छत यांच्या कोपऱ्यात बसणाऱ्या अमेरिकी छतपट्टीसाठी आहे. ५२/३८ अंशांची, म्हणजे छताशी ५२ आणि भिंतीशी ३८ अंश करणारी, पट्टी आडवी ठेवून कापताना थाळी ३१.६ वर आणि मान ३३.९ वर लावतात. आपल्याकडे देव्हाऱ्याच्या माथ्यावरची नक्षीदार पट्टी जशी बसणार तशीच कललेली, फेन्सला टेकवून उभी कापली तर साधा ४५ चा काप पुरतो आणि मान कलवावीच लागत नाही. त्यासाठी फेन्स उंच हवी. लेझरची रेघ सोयीची वाटते पण ती हलते आणि पात्याची जाडी दाखवत नाही. पात्याची सावली पाडणारा एलईडी दिवा अधिक भरवशाचा.

यंत्रासोबत येणारे पाते बहुतेकदा कमी दातांचे, इमारतकामाचे असते. २५४ मिमीसाठी ६० ते ८० दातांचे कार्बाइड टोकांचे पाते लावले की तेच यंत्र वेगळे वाटते. दातांचा पुढे झुकलेला कोन सरकत्या करवतीत कमी हवा, उणे ५ ते अधिक ५ अंशांच्या दरम्यान. लाकूड चिरण्याचे, दात पुढे झुकलेले पाते इथे लावले तर मान स्वतःहून लाकडात ओढली जाते. पात्याच्या मधल्या भोकाचे माप विकत घेण्याआधी यंत्रावर वाचावे : २५.४ आणि ३० मिमी दोन्ही मापांची यंत्रे असतात, अमेरिकी १० इंची यंत्रांत १५.८८ मिमी असते. पात्यावर छापलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या वेगापेक्षा जास्त हवी.

विजेचे गणित सोपे आहे. १,६५० वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे ७ अँपिअर घेते, सुरू होताना क्षणभर त्याहून बरेच अधिक. म्हणून ६ अँपिअरचा दिव्यांचा सॉकेट चालत नाही. गीझरसाठी असतो तसा १६ अँपिअरचा लागतो, आणि वाढीव वायर जाड हवी. हळू सुरू होणारी मोटर असेल तर एमसीबी वारंवार पडत नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकाने गॅरेज आवरताना दिलेली करवत ही वेगळी अडचण. ती १२० व्होल्ट, १५ अँपिअरची असते, म्हणजे १,८०० वॅटपर्यंत. इथे चालवायला किमान ३ केव्हीएचा व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तोही चांगलाच जड असतो. त्यापेक्षा त्या पैशांत इथलेच यंत्र पाहावे.

धुळीच्या बाबतीत हे यंत्र वाईट आहे. पिशवी थोडाच भुसा पकडते. व्हॅक्युम जोडला तरी बराच मागे उडतो, म्हणून मागे पुठ्ठ्याचा किंवा कापडाचा आडोसा करतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला निश्चित कर्करोगकारक गटात ठेवले आहे, आणि सागाचा बारीक भुसा कातडीला व श्वासाला त्रास देतो. रुमाल पुरत नाही, मास्क हवा. कानांसाठीही काहीतरी हवे. फ्लॅटमध्ये काम करायचे तर शेजाऱ्यांची दुपारची झोप हा स्वतंत्र विषय. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात दांडे गंजतात. त्यांना तेल लावू नये, तेलात भुसा चिकटून लगदा होतो. कोरड्या फडक्याने पुसून मेणाचा पातळ हात द्यावा.

जुने यंत्र घेताना ते आधी कशावर चालले हे विचारावे. अ‍ॅल्युमिनियमच्या दुकानातून आलेल्या यंत्राच्या दांड्यांत आणि मोटरच्या हवेच्या फटींत चमकदार कीस अडकलेला असतो. बेअरिंगे त्याने घासली जातात. अशा यंत्रावरचे पातेही अ‍ॅल्युमिनियमसाठी घडवलेले असते. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे, घासून झिजणारे कार्बन ब्रश बदलणे स्वस्त आणि सोपे आहे, ठिणग्या दिसल्या म्हणून घाबरायचे कारण नाही. दांड्यावर नखाने ओरखडा जाणवला तर मात्र भाव न करताच परत फिरावे, कारण दांडे सुटे मिळणे अवघड आणि मिळाले तरी ते पुन्हा समांतर बसवणे त्याहून अवघड.