एल निनो आपल्या शिवारात कसा आला: मान्सूनच्या अंदाजाची पार्श्वभूमी

दर वर्षी एप्रिलच्या मध्याला हवामान खातं पावसाचा पहिला अंदाज देतं आणि त्यातला ‘एल निनो’ संध्याकाळपर्यंत बाजार समितीच्या कट्ट्यावर पोचतो. एल निनो म्हणजे पेरूच्या किनाऱ्यापासून पॅसिफिक महासागराचं पाणी अधूनमधून नेहमीपेक्षा जास्त तापणं. तिकडे पाणी तापलं म्हणून बार्शीकडची तूर वाळू शकते, याचं आता कुणाला नवल वाटत नाही. हे नातं सापडायला मात्र आधी दुष्काळ पडावे लागले, आणि नीट समजायला पुढे नव्वदेक वर्षं गेली.

१८७६ साली दख्खनमध्ये पाऊस फिरकला नाही. १८७७ मध्ये तर त्यानं बहुतेक देशाला दगा दिला. मुंबई, मद्रास, म्हैसूर, हैदराबाद या भागांत किती माणसं मेली याचे अंदाज पन्नास लाखांच्या वर जातात. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं गावोगावची हलाखी नोंदवून सरकारपुढे ठेवली, सत्यशोधक समाजानं धनकवडीला अन्नछत्र चालवलं. त्याच काळात धान्यानं भरलेली जहाजं विलायतेला जात होती, हेही विसरता येत नाही. पावसानं ओढ दिली हे खरं, पण एवढी माणसं मेली त्यात सरकारी धोरणाचा वाटा मोठा होता.

हवामान खातं तेव्हा नुकतंच, १८७५ मध्ये, सुरू झालेलं. त्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी दुष्काळानंतर ठिकठिकाणच्या वेधशाळांच्या हवेच्या दाबाच्या नोंदी तपासल्या. मॉरिशसपासून ऑस्ट्रेलियापर्यंत दाब नेहमीपेक्षा चढा होता. म्हणजे बिघाड एकट्या हिंदुस्थानच्या आभाळात नव्हता. तरी ब्लॅनफर्ड यांचा भर राहिला हिमालयावर. तिथं बर्फ जास्त पडला की ऊन परतवलं जातं, उरलेली उष्णता बर्फ वितळण्यात खर्ची पडते आणि जमीन उशिरा तापते. जमीन व समुद्र यांच्या तापमानातला फरक कमी राहिला की समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांचा जोर ओसरतो. १८८४ मध्ये त्यांनी हे मांडलं आणि १८८६ पासून मान्सूनचे रीतसर अंदाज सुरू झाले. काही वर्षं आडाखा बरा जमला. १८९९ मध्ये त्यांच्यानंतरचे प्रमुख जॉन इलियट यांनी चांगल्या पावसाचं भाकीत केलं, आणि पडला तो गुजरात-राजस्थानात अजून नाव निघणारा छप्पनिया दुष्काळ.

१९०४ मध्ये आले गिल्बर्ट वॉकर. केंब्रिजचे गणिती, बूमरँग कसं उडतं याचा अभ्यास केलेले. हवामानशास्त्राशी त्यांचा फारसा संबंध नव्हता. माझ्या मते तेच पथ्यावर पडलं. पाऊस कशामुळे पडतो हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला आणि कारकुनांना आकडेमोडीला बसवलं. जगभरच्या केंद्रांवरचे दाब, तापमान, पाऊस, अगदी नाईल नदीचा पूरसुद्धा, अशा नोंदींच्या जोड्या लावायच्या आणि कोण कोणाबरोबर चढतं-उतरतं ते काढायचं. सगळं हातानं, वर्षानुवर्षं. त्यातून दिसलं की पॅसिफिकवरचा दाब चढला की हिंदी महासागराकडचा उतरतो आणि तिकडचा उतरला की इकडचा चढतो, तराजूच्या पारड्यांसारखा. १९२०च्या दशकात त्यांनी त्याला ‘सदर्न ऑसिलेशन’, म्हणजे दक्षिणेकडचा झोका, हे नाव दिलं. पुढे १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात.

वॉकरना दिसलेल्या नात्यामागचं कारण १९६९ मध्ये हवामानशास्त्रज्ञ जेकब बर्कनेस यांनी सांगितलं. एरवी विषुववृत्तावरचे पूर्वेचे वारे पॅसिफिकचं ऊबदार पाणी इंडोनेशियाकडे ढकलतात. तिथं हवा वर चढते, ढग होतात, पाऊस पडतो. वारे मंदावले की ते पाणी पूर्वेकडे, पेरूच्या बाजूला सरकतं, तोच एल निनो, आणि हवा चढण्याची जागाही त्याच्यामागे जाते. आपल्या बाजूची हवा मग खाली बसू लागते, आणि खाली बसणाऱ्या हवेत ढग सहजी धरत नाहीत.

कोडं सुटलं असं वाटण्याजोगी ही स्थिती होती. १९८८ मध्ये वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पावसाच्या अंदाजासाठी सोळा घटकांवरून गणित मांडणारं प्रारूप आणलं. त्यात एल निनो होता, ब्लॅनफर्ड यांचा हिमालयातला बर्फही होता. बरीच वर्षं सरासरीइतक्या पावसाचा अंदाज यायचा आणि पाऊसही तसाच पडायचा. पण १९९७ मध्ये शतकातला एक अतिप्रबळ एल निनो असूनही पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला. २००२ मध्ये अंदाज सरासरीचा होता, जुलै कोरडा गेला आणि हंगाम ८१ टक्क्यांवर संपला. प्रारूप बदलावं लागलं.

दरम्यान, १९९९ मध्ये पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतले कृष्ण कुमार आणि अमेरिकेतले त्यांचे सहकारी यांनी एल निनो आणि मान्सून यांचं नातं सैल पडत असल्याचं दाखवलं. ते तापमानवाढीमुळे की आपोआप होणारा चढउतार, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. पण काल घडलं त्या चालीनंच उद्या घडेल, हे वॉकर यांच्या पद्धतीमागचं गृहीतक. तेच आता पूर्वीसारखं भरवशाचं राहिलेलं नाही. कोळसा जाळून हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल, हे गणित स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांते अर्‍हेनियस यांनी स्टॉकहोमला १८९६ मध्येच मांडलं होतं. तेव्हा इलियट इकडे बर्फाचे हिशेब करत होते. उद्योगयुगाआधी दहा लाख भागांत २८० भाग असलेला हा वायू १९५८ मध्ये ३१५ भागांवर होता. आज तो ४२० च्या वर आहे.

वाढलेल्या उष्णतेतली बहुतेक समुद्रानं पोटात घेतली. पश्चिम हिंदी महासागर १९०१ ते २०१२ या काळात उन्हाळ्यात सुमारे १.२ अंशांनी तापला. समुद्र तापला की जमिनीशी असलेला फरक घटतो आणि वारे मंदावू शकतात. चुली, गाड्या, कारखाने यांच्या धुरकटीनं जमिनीवर पोचणारं ऊन कमी होतं, त्याचाही परिणाम त्याच दिशेनं. उलट, तापलेली हवा बाष्प जास्त धरते, म्हणून पडतो तेव्हा पाऊस कोसळतो. मध्य भारतात विस्तृत भागावर अतिवृष्टी होण्याचे प्रसंग १९५० ते २०१५ दरम्यान तिपटीनं वाढले, असं पुण्याच्याच संस्थेतल्या अभ्यासानं दाखवलं.

२०२२ मध्ये खात्यानं अंदाजासाठीची देशाच्या हंगामी पावसाची सरासरी ८८ सेंटिमीटरवरून ८७ वर आणली. हा फरक अनेक दशकांच्या नैसर्गिक चढउताराचा, असं खातं म्हणतं. पुढच्याच वर्षी एल निनो आला. त्या वर्षीचा ऑगस्ट महिना १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि तरी हंगाम ९४ टक्क्यांवर थांबला.