कढीपत्त्यावरची अळी विषारी नसते

कढीपत्त्यावर किंवा लिंबावर दिसणारी अळी विषारी असते, ती अंगाला लागताच गांधी उठतात, म्हणून ती चिरडावी किंवा औषध फवारावे, असा समज गोव्यातील परसांत आणि कुळागरांत (सुपारी-नारळाच्या बागांत) फार जुना आहे. तो खरा नाही. या झाडांवरच्या मोठ्या अळ्या बहुधा लाईम आणि कॉमन मॉर्मन या फुलपाखरांच्या असतात. सुरुवातीला पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी ही अळी पुढे हिरवीगार होते आणि डिवचली असता डोक्यामागून तांबूस, दुभागलेले मऊ शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. ते पाहूनच विषाचा ग्रह झाला असावा. त्या शिंगाने दंश होत नाही, खाजही सुटत नाही. खाज सुटते ती शेवग्याच्या खोडावर घोळक्याने बसणाऱ्या केसाळ सुरवंटांमुळे. त्यांना मात्र हात लावू नये.

अळीने पाने खाल्ली तरी वाढलेल्या झाडाला ती पुन्हा फुटतात. कोवळ्या रोपावरची अळी पानासकट उचलून त्याच जातीच्या मोठ्या झाडावर ठेवावी आणि रोपाला मच्छरदाणीचे कापड बांधावे. फवारणी तर नकोच, कारण तीच पाने आपल्या फोडणीत पडतात आणि शिंपी, दयाळ यांसारखे पक्षी आपल्या पिल्लांना अशाच अळ्या-किडे भरवतात.