सहृदय वाचन
एका लेखकाने दुसऱ्याचे साहित्य त्याच्या जागी स्वतःला ठेवून वाचणे आणि त्यातून त्या लेखकाची नवी ओळख घडणे, या प्रक्रियेला सहृदय वाचन म्हणता येईल. काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याचे मन आरशासारखे निर्मळ झाले आहे आणि जो वर्ण्य विषयाशी तन्मय होऊ शकतो तो सहृदय, असे संस्कृत काव्यशास्त्रज्ञ अभिनवगुप्ताने ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथावरील ‘लोचन’ या भाष्यात म्हटले आहे. वाचणारा स्वतः लेखक असला, की या तन्मयतेत त्याची स्वतःची निकडही मिसळते. हे वाचन सामर्थ्यवान होते ते त्यामुळेच.

अमेरिकन कादंबरीकार हर्मन मेलव्हिलने केलेले आपल्या समकालीन नॅथॅनिएल हॉथॉर्नचे वाचन याचा उत्तम नमुना आहे. हॉथॉर्न हा सौम्य, निरुपद्रवी कथाकार, असा तेव्हा अनेकांचा समज होता. ऑगस्ट १८५० मध्ये मेलव्हिलने एक निनावी लेख लिहून हॉथॉर्नच्या कथांमधला काळोख दाखवून दिला. ‘यंग गुडमन ब्राउन’ हे शीर्षक बाळबोध वाटते, पण ती कथा इटालियन महाकवी दान्तेइतकी खोल आहे, असे त्याने बजावले. त्याच सुमारास तो ‘मोबी डिक’ लिहीत होता. पापाचा आणि अंधाराचा प्रश्न त्याच्याही पुढे उभा होता. म्हणूनच इतरांना न दिसलेले त्याला दिसले. १८५१ मध्ये ती कादंबरी त्याने हॉथॉर्नलाच अर्पण केली. हॉथॉर्नच्या आजच्या वाचनात हा काळोख केंद्रस्थानी आहे.

मराठीत दिलीप चित्रे यांचे तुकाराम-वाचन याच जातीचे. ‘पुन्हा तुकाराम’ आणि ‘सेज तुका’ हा इंग्रजी अनुवाद यांतून त्यांनी संताइतकाच कवी तुकाराम पुढे आणला.

अशा वाचनात मूळ लेखक वाचणाऱ्याच्या प्रतिमेत ओढला जाण्याचा धोका खराच. फ्रेंच कवी शार्ल बोदलेअरने वर्षानुवर्षे अमेरिकन लेखक एडगर ॲलन पोचे अनुवाद केले. त्याने रंगवलेला, व्यवहारी समाजाने छळलेला पो पुष्कळसा बोदलेअरसारखाच आहे. तरी ते वाचन फोल ठरत नाही. कवी-समीक्षक टी. एस. एलियटला पोच्या लेखनातल्या उणिवा चांगल्याच ठाऊक होत्या. पण बोदलेअर, मालार्मे आणि विशेषतः व्हालेरी या फ्रेंच कवींच्या नजरेने पाहू लागल्यावर पोच्या समग्र लेखनाचे महत्त्व आपल्याला अधिक पटले, असे त्याने १९४८ च्या व्याख्यानात सांगितले.