छारानगरचा नाटककार: दक्षिण बजरंगे यांच्या नाटकांची आणि चित्रपटांची पार्श्वभूमी

अहमदाबादच्या छारानगर वस्तीत वाढलेले नाटककार आणि चित्रपट दिग्दर्शक दक्षिण बजरंगे यांची कारकीर्द समजून घ्यायची, तर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासूनच सुरुवात करावी लागते. जन्मानेच माणूस गुन्हेगार ठरतो, असे मानणारा हा कायदा आधी उत्तर भारतात लागू झाला आणि १९११ च्या दुरुस्तीनंतर मुंबई इलाख्यातही आला. नोंद झालेल्या जमातींना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे, परवान्याशिवाय गाव सोडता येत नसे आणि अनेक कुटुंबांना कुंपणाच्या आत, ‘सेटलमेंट’मध्ये, डांबले जाई. सोलापूरची सेटलमेंट मराठी वाचकांना ठाऊक आहे. छारानगरचे मूळही अशाच एका सेटलमेंटमध्ये आहे. या वस्तीत राहणारे छारा, महाराष्ट्रातले कंजारभाट आणि उत्तरेकडचे सांसी ही मुळात एकमेकांची नात्यागोत्याची माणसे असून भांतू ही त्यांची बोली आहे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या, पण संशय मात्र कायम राहिला. सराईत गुन्हेगारांविषयीच्या नव्या कायद्यांनी जुन्या पाळतीला दुसरे नाव दिले. तेव्हाच्या द्वैभाषिक मुंबई राज्यात असा कायदा १९५९ मध्ये झाला, म्हणजे गुजरात आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांना तो वारशानेच मिळाला. छारानगरमधल्या शिकलेल्या मुलालाही केवळ पत्त्यामुळे नोकरी नाकारली जाई आणि मग चोरी किंवा दारूबंदीच्या राज्यात हातभट्टी, एवढेच मार्ग अनेकांपुढे उरत.

१९९८ मध्ये बंगाली लेखिका महाश्वेता देवी आणि भाषा-अभ्यासक गणेश देवी या वस्तीत आले. ‘उचल्या’ या आत्मकथनाचे लेखक लक्ष्मण गायकवाड यांच्यासह त्यांनी विमुक्त आणि भटक्या जमातींच्या हक्कांसाठी एक कृतिगट उभा केला होता. वस्तीत आधी वाचनालय सुरू झाले आणि तिथे जमणाऱ्या तरुणांमधून नाटकमंडळी तयार झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर या खेडिया सबर जमातीच्या तरुणाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला होता. त्याने गळफास घेतला, असे पोलिसांचे म्हणणे होते. गावकऱ्यांनी मात्र मृतदेह घरातच पुरून ठेवला आणि दहन केले ते पुतळ्याचे, म्हणूनच पुढे दुसरी शवचिकित्सा होऊ शकली. महाश्वेता देवींच्या पुढाकाराने हे प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात गेले आणि न्यायमूर्ती रुमा पाल यांनी पोलिसांचा दावा फेटाळून सीबीआय चौकशीचा आणि नुकसानभरपाईचा आदेश दिला.

या घटनेवर बजरंगे यांनी ‘बुधन’ हे नाटक लिहिले. ३१ ऑगस्ट १९९८ रोजी छारानगरमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला आणि त्या नाटकावरूनच मंडळींना ‘बुधन थिएटर’ हे नाव मिळाले. मला सर्वात महत्त्वाची वाटते ती त्यांची विषयाची निवड. पोलिसांच्या मारहाणीचा अनुभव वस्तीत घरोघर होता. तरीही या तरुणांनी पहिले नाटक केले ते देशाच्या दुसऱ्या टोकाच्या, वेगळी भाषा बोलणाऱ्या, कधीही न भेटलेल्या माणसाच्या मरणावर. त्यानंतरचे एक नाटक होते बारामती तालुक्यातल्या पिन्या हरी काळे या पारध्यावर, ज्याचा जून १९९८ मध्ये पोलीस कोठडीत मृत्यू झाला. शासनदरबारी सबर आणि पारधी अनुसूचित जमातींत मोडतात, तर महाराष्ट्रातले कंजारभाट विमुक्त जातींत. बजरंगे आदिवासी नाटककार की विमुक्तांचे, हा प्रश्न त्यामुळे यादीपुरता उरतो. १८७१ च्या कायद्याने एकत्र बांधलेल्या माणसांना त्यांनी रंगमंचावर एकमेकांची नातलग केले.

या नाटकांना नेपथ्य जवळपास नसतेच. चौकात किंवा सभागृहात, अंगावरच्या कपड्यांत, शरीर आणि आवाज यांच्या बळावर कोठडी उभी केली जाते. प्रेक्षकांत कधी त्याच वस्तीतली माणसे असतात, कधी पोलीस अधिकारीही असतात, आणि मारहाणीचा प्रसंग या दोघांना एकाच वेळी पाहावा लागतो. याच घडणीतून पुढे ‘एन्काउंटर’ आणि ‘बुलडोझर’ यांसारखी नाटके आली.

चित्रपटाकडे ते वळले तेव्हाही विषय बदलला नाही. ‘फाइट फॉर सर्व्हायव्हल’ हा माहितीपट अहमदाबादमधल्या बजाणिया या भटक्या जमातीच्या कुटुंबांची घरे पाडली गेली त्याविषयी, तर ‘द लॉस्ट वॉटर’ कच्छच्या छोट्या रणात मीठ पिकवणाऱ्या अगरियांविषयी आहे. ‘बर्थ १८७१’ तर नावातच कायद्याचे साल घेऊन येतो. मधल्या काळात त्यांनी ब्रिटनमध्ये लीड्स विद्यापीठात नाट्यशिक्षण घेतले. २०१७ मध्ये दक्षिण छारा या नावाने त्यांनी ‘समीर’ हा पूर्ण लांबीचा हिंदी चित्रपट दिग्दर्शित केला. बॉम्बस्फोटांच्या तपासात सापडलेल्या तरुणाच्या या कथेत पथनाट्य करणारे एक पात्र आहे, आणि त्यातल्या ‘मन की बात’ या शब्दांना सेन्सॉर मंडळाने हरकत घेतल्याने तो चर्चेत आला.

पुढच्याच वर्षी, २६ जुलै २०१८ च्या रात्री, छारानगरमध्ये मोठी पोलीस कारवाई झाली. घरांत शिरून मारहाण आणि वाहनांची मोडतोड झाल्याच्या तक्रारी रहिवाशांनी केल्या, आणि मार खाल्लेल्यांत वस्तीतले वकील आणि पत्रकारही होते. ‘बुधन’च्या पहिल्या प्रयोगाला तेव्हा वीस वर्षे पूर्ण होत आली होती.