धीर कुठे धरायचा, कुठे नाही: फ्युचर्स ट्रेडिंगमधला संयम आणि शिस्त

फ्युचर्समध्ये, म्हणजे पुढच्या तारखेच्या खरेदी-विक्रीच्या करारांत, इंट्राडे (त्याच दिवशी सौदा घेऊन मिटवणं) करणारे संयम आणि शिस्त यांची नावं एका दमात घेतात. दोन्हींची कामं मात्र जवळजवळ उलटी आहेत. संयम लागतो मुख्यतः सौदा घेण्याआधी: आपला सेटअप, म्हणजे सौदा घ्यायला आधी ठरवलेली स्थिती, दिसेपर्यंत हात आवरून बसायचं. शिस्त लागते ठरलेली पातळी आल्यावर: स्टॉपलॉस (तोटा थांबवायला आधी ठरवलेला भाव) लागला की त्याच क्षणी बाहेर. तिथे थांबायची सोयच नाही.

सर्वांत घातक गल्लत होते ती तोट्यातल्या सौद्यात. भाव स्टॉपलॉसच्या पलीकडे जातो आणि माणूस मनाशी म्हणतो, ‘जरा धीर धरू, येईल परत.’ वाटतो संयम, पण मोडलेली असते शिस्त. नफ्यातला सौदा घाईने कापायचा आणि तोट्यातला कवटाळून बसायचं, या सवयीला हर्श शेफ्रिन आणि मेअर स्टॅटमन या वित्तशास्त्राच्या अभ्यासकांनी १९८५ मध्ये ‘डिस्पोझिशन इफेक्ट’ असं नाव दिलं. नफा टार्गेटपर्यंत, म्हणजे आधी ठरवलेल्या नफ्याच्या भावापर्यंत, जाऊ देताना जो धीर हवा, तो आपण नेमका तोट्यावर खर्च करतो.

पूर्ण पैसे देऊन घेतलेला शेअर वाट पाहू देतो, फ्युचर्स देत नाही. अमेरिकेच्या एस अँड पी ५०० या शेअर निर्देशांकावरच्या ई-मिनी फ्युचर्सच्या एका कॉन्ट्रॅक्टमध्ये निर्देशांकाचा एक अंक म्हणजे ५० डॉलर. वीस अंक उलटे गेले की हजार डॉलर गेले, तेही काही मिनिटांत. त्यात इंट्राडेसाठी बरेच ब्रोकर फारच थोडं मार्जिन (सौद्यासाठी ठेवायची अनामत) मागतात. ते संपत आलं की ब्रोकरच सौदा कापतो, मग भाव नंतर परत आला तरी तुम्हाला काय त्याचं?

उलटी गल्लतही दिसते. रोज एक तरी सौदा करायचाच, याला काहीजण शिस्त समजतात. बाजार दिवसभर एकाच पट्ट्यात घुटमळत असताना असा नेम पाळला, तर हाती बहुधा ब्रोकरेजचा खर्चच उरतो. नुसती चिकाटी तारत नाही, हे ब्राझीलमधल्या एका अभ्यासाने दाखवलंय. २०१३ ते २०१५ दरम्यान तिथल्या इंडेक्स फ्युचर्समध्ये डे ट्रेडिंग सुरू करून ३०० हून अधिक दिवस टिकलेल्यांपैकी ९७ टक्के लोक तोट्यात होते.

आपण थांबलोय ते संयमाने की मोहाने, हे ओळखायला मी एकच प्रश्न विचारेन: थांबायचं कारण सौदा घेण्याआधी लिहून ठेवलं होतं का?

शिस्तीचा बराच भार यंत्रावर टाकता येतो, आणि तो टाकावाच. एन्ट्रीबरोबरच स्टॉप ऑर्डर (स्टॉपलॉसचा भाव आला की सौदा आपोआप बंद करणारी) लावा, प्लॅटफॉर्मवर सोय असेल तर दिवसाच्या तोट्याची मर्यादाही घाला. वेगवान बाजारात स्लिपेज होईल, ठरल्यापेक्षा थोडं जास्त जाईल, तरी ‘जरा बघू’पेक्षा ते परवडतं. संयमासाठी मात्र अशी कुठलीच ऑर्डर नाही. तिथे मदत होते ती सौद्याचा आकार कमी करण्याची: मायक्रो ई-मिनीत, म्हणजे त्याच निर्देशांकाच्या छोट्या कॉन्ट्रॅक्टमध्ये, एक अंक ५ डॉलरचाच असतो, आणि एवढ्याशा चढउतारात टार्गेटची वाट पाहणं बरंच सोपं जातं.