घरच्या राउटरमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड राउटिंग’ आलं कुठून?

लातूर-नांदेडकडे खाली दुकान आणि वर घर असलं, की आता बऱ्याचदा दोन राउटर असतात. खालचा केबलवाल्याने फायबरसोबत बसवून दिलेला. वरचा, रेंज पोचत नाही म्हणून बाजारातून आणलेला. मग दुकानातल्या कॉम्प्युटरवरून वरच्या प्रिंटरला प्रिंट जात नाही आणि कुणीतरी सेटिंगमधलं ‘अ‍ॅडव्हान्स्ड राउटिंग’ उघडतं. तिथले रकाने घरासाठी बनलेलेच नव्हते.

राउटिंग म्हणजे माहितीला एका नेटवर्कातून दुसऱ्यात जायची वाट ठरवणं. त्यातला सगळ्यात जुना रकाना आरआयपीचा. राउटरांनी आपापल्या वाटांची यादी शेजाऱ्यांना दर ३० सेकंदांनी कळवायची, ही त्याची पद्धत. १९८० च्या दशकात विद्यापीठांतल्या युनिक्स मशिनांवर तो चालायचा. १९८८ मध्ये रट्गर्स विद्यापीठाच्या चार्ल्स हेड्रिक यांनी त्याचे नियम आरएफसी १०५८ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात लिहून काढले. मध्ये जास्तीत जास्त १५ राउटर चालतात. सोळावा आला की ती वाट बंद समजायची. पहिल्या आवृत्तीत सबनेट मास्क (पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा) पाठवायची सोयच नव्हती, म्हणून दुसरी निघाली. काही राउटरांवर आजही ‘आरआयपी-१ की आरआयपी-२’ असं विचारतात ते त्यामुळे. दोन राउटरांच्या घरात दोन्ही बंद ठेवले तरी काही बिघडत नाही.

घराघरांत राउटर शिरला तो मात्र नॅटमुळे, म्हणजे अनेक यंत्रांनी बाहेरचा एकच पत्ता वाटून वापरायच्या युक्तीमुळे. आयपीव्ही४ या इंटरनेटच्या पत्ता-पद्धतीत पत्ते जेमतेम ४.३ अब्ज, ते संपणार हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसू लागलं होतं. १९९४ मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस यांनी नॅटची युक्ती मांडली, त्याच सुमारास १९२.१६८ ने सुरू होणाऱ्यांसारखे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले. बाहेर एकच पत्ता, आत हवी तेवढी यंत्रं. मुळात ही तात्पुरती मलमपट्टी होती, पण तीच कायमची झाली.

डिसेंबर २००२ मध्ये लिंकसिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा घरगुती वायफाय राउटर आला. त्याच्या आत लिनक्स, म्हणजे कोड खुला ठेवायची अट असलेली ऑपरेटिंग सिस्टीम असल्याचं लोकांनी शोधून काढलं आणि २००३ मध्ये कंपनीला सोर्स कोड खुला करावा लागला. राउटरसाठीचं ओपनडब्ल्यूआरटी हे खुलं सॉफ्टवेअर त्यातूनच उभं राहिलं. लिनक्सला राउटिंग आधीपासूनच येत होतं, त्यामुळे स्वस्त डब्यातही स्टॅटिक रूटचा, म्हणजे हाताने लिहून दिलेल्या वाटांचा तक्ता देणं जड नव्हतं. त्या राउटरच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड राउटिंग’ पानावर सर्वात वर ‘गेटवे की राउटर’ असा पर्याय होता. गेटवे म्हणजे नॅट चालू, राउटर म्हणजे नॅट बंद.

प्रिंटरची गाठ तिथेच सुटते. समजा खालच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे, वरच्याला त्याच्याकडून १९२.१६८.१.२ मिळालाय आणि वरची यंत्रं १९२.१६८.० मध्ये आहेत. वरचा राउटर नॅट करतो, त्यामुळे खालून वरचं काही दिसत नाही. वर नॅट बंद करायचं, .१.२ हा पत्ता पक्का करायचा आणि खालच्या राउटरमध्ये स्टॅटिक रूट टाकायचा: डेस्टिनेशन १९२.१६८.०.०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.२. वरच्याची फायरवॉल (बाहेरून येणारं अडवणारी सोय) आड येत असेल, तर तिथेही परवानगी द्यावी लागते. केबलवाल्याने खालच्या डब्याचा पासवर्ड दिला नाही, किंवा वरचं इंटरनेटच बंद पडलं, तर सरळ वरचा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट करून टाकावा, म्हणजे तो फक्त वायफाय पुरवेल आणि सगळं एकाच नेटवर्कात येईल. माझ्या मते बहुतेक घरांना तेच पुरे.

शेतातला कॅमेरा बाहेरून इंटरनेटवर उघडत नाही, हे दुखणं मात्र या पानावर बरं होत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये पत्त्यांचा जागतिक साठा वाटून संपला, आणि २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा इंटरनेट कंपन्यांच्या स्वतःच्या नॅटसाठी राखला गेला. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता) या पट्ट्यातला दिसला, तर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी आतल्या यंत्राकडे वळवणं) कितीही केलं तरी बाहेरून कॅमेरा उघडणार नाही. मग कंपनीकडून वेगळे पैसे भरून पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येणारा पत्ता घ्यायचा, नाहीतर कॅमेऱ्याच्या क्लाउड अ‍ॅपवर भागवायचं.